शेऱ्याचा रकाना

एका सरकारी कार्यालयात दाखला आणायला गेलो होतो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या भाऊसाहेबांची पंचाईत होईल, आणि माझा दाखला अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक यंत्र उभं आहे. माणसाएवढं उंच, वर टचस्क्रीन. अर्जाचा नंबर टाकायचा, अर्ज कुठे अडकलाय ते दिसणार, अशी योजना. यंत्राच्या अंगावरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पडद्यावर कॅलेंडर टांगलंय. अंगारकीला लाल शाईचा गोल.

"बंद आहे का हो हे?"

"बंद कशाला? नवं कोरं आहे."

"मग चालू का नाही?"

"प्लग पलीकडच्या भिंतीला आहे."

दोन वर्षं झाली. यंत्र या भिंतीला, प्लग त्या भिंतीला. मध्ये बारा फूट फरशी आणि एक लेखाशीर्ष.

एक्स्टेन्शन बोर्ड का घेत नाही, हा प्रश्न तुमच्याही तोंडावर आला असेल. मीही विचारला. भाऊसाहेबांनी पहिलीतल्या पोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. यंत्र आलं योजनेच्या पैशांतून. वायर बसते कार्यालयीन खर्चात. त्या खर्चातले पैसे संपले झेरॉक्सच्या कागदात.

लाखाच्या यंत्राला तीनशेची वायर मिळेना.

आता ऐका. तंत्रज्ञानाची सरकारी खरेदी यापुढे डेटा पाहून करायची, असं सगळेच म्हणायला लागलेत. मंत्री म्हणतात, सचिव म्हणतात, सल्लागार तर पैसे घेऊन म्हणतात.

मग आजवर काय पाहून करत होते?

तारीख पाहून. 31 मार्च.

वर्षभर निधी नसतो, मार्चमध्ये वेळ नसतो. फेब्रुवारीअखेर वरून निरोप येतो: पैसे आलेत, खर्चा, नाहीतर व्यपगत होतील. मग काय हवंय यापेक्षा काय लवकर मिळतंय याचा विचार सुरू होतो. शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करायला महिना लागतो. टॅब्लेट दुसऱ्या दिवशी खोक्यात हजर. छप्पर गळतं तिथे टॅब्लेट ठेवायचे कुठे, हा पुढच्या आर्थिक वर्षाचा प्रश्न.

आमच्या घरी मिक्सर घ्यायचा ठरला की आई आधी शेजारच्या काकूंकडे जायची. तुमचा किती वर्षं चालला? भांड्याचं रबर सुटं मिळतं का? ओलं खोबरं वाटताना तापतो का? दुरुस्तीवाला घरी येतो की आपणच पिशवीत घालून न्यायचा? किंमत सगळ्यात शेवटी. दुकानदाराने सांगितलेलं निम्मं सोडून द्यायचं, काकूंनी सांगितलेलं पूर्ण धरायचं. आई याला डेटा म्हणत नव्हती. चौकशी म्हणायची.

सरकारला काकू नाहीत, अशातला भाग नाही. काकू ढिगाने आहेत. विचारायला कोणी जात नाही.

9 ऑगस्ट 2016 रोजी केंद्राने 'जेम' हा सरकारी ऑनलाइन बाजार सुरू केला. त्याआधी हे काम पाहणाऱ्या खात्याचं नाव होतं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय. निदान नाव तरी प्रामाणिक होतं. 2017च्या ऑक्टोबरअखेर त्याचीच विल्हेवाट लागली.

जेमवरची खरेदी 2021-22 मध्ये लाख कोटींच्या पुढे गेली, 2023-24 मध्ये चार लाख कोटींच्या. कोणी काय मागितलं, कोणी किती दर भरला, कोण हरलं, माल किती दिवसांत पोहोचला, सगळी नोंद संगणकात. डेटा नाही म्हणून रडायची सोयच उरलेली नाही.

2021-22च्या आर्थिक पाहणी अहवालात जेमचं कौतुक आहे. 22 वस्तूंचे दर इतर ऑनलाइन दुकानांशी ताडून पाहिले, त्यांतल्या 10 जेमवर साडेनऊ टक्क्यांनी स्वस्त निघाल्या. अभिनंदन.

उरलेल्या 12?

पण दर हा या गोष्टीतला सोपा भाग. जेमवरून घेतलेला माल पोहोचला की दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला द्यायचा. दाखला दिला, पैसे सुटले, व्यवहार बंद. यंत्र पोहोचलं एवढं जेमला कळतं. प्लग कुठल्या भिंतीला आहे ते कळत नाही. पोर्टलच्या लेखी ते यंत्र यशस्वी आहे. पुढच्या वर्षी तसलीच आणखी पाचशे घ्यायची झाली तर डेटा म्हणेल, खुशाल घ्या, तक्रार एकही नाही.

वापरलंच नाही तर तक्रार येणार कुठून?

सरकारी खरेदीचं कुलदैवत एल-वन. सर्वांत कमी दर. त्याच्यापुढे अनुभव, अक्कल आणि तांत्रिक समिती तिघंही हात जोडून उभे. प्रिंटर एल-वनने येतो, स्वस्तात. मग कळतं की त्याचं कार्ट्रिज प्रिंटरच्या निम्म्या किमतीचं आहे आणि पंधरा दिवसांत संपतं. तिसऱ्या महिन्यात प्रिंटरवर कापड पडतं. लोक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. त्याने प्रिंटर कोणाला तरी विचारून घेतलेला असतो.

एल-वनचा हा हट्ट केंद्रालाही खटकला. 2021च्या ऑक्टोबरमध्ये व्यय विभागाने नव्या सूचना काढल्या. काही कामांत आणि सेवांत गुणवत्तेलाही गुण द्यायला मुभा मिळाली. जास्तीत जास्त 30 टक्के.

दहावीला पास व्हायला 35 लागतात.

आता राज्याकडे वळू. 1 डिसेंबर 2016च्या खरेदी नियमपुस्तिकेने ठरवलं की 3 लाखांच्या वर ई-निविदा. त्याखाली दरपत्रकं मागवून भागायचं. आणि खरेदीचे तुकडे पाडू नका, हेही बजावलं. मर्यादा 3 लाख ठेवली की कार्यालयाची गरज 2 लाख 98 हजारांचीच कशी निघायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढीच गरज. त्याच वस्तूची. त्याच दुकानातून.

हे पकडायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. एक्सेलमध्ये रकमा चढत्या क्रमाने लावल्या की मर्यादेच्या अलीकडे गर्दी दिसते. शेवटची लोकल सुटताना फलाटावर असते तशी.

दरपत्रकांचंही तसंच. तीन दुकानांची तीन दरपत्रकं. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे, दर वेगळे. शुद्धलेखनाची चूक मात्र तिन्हींत एकच.

काळी यादी? आहे ना. कंपनी काळ्या यादीत जाते आणि मेहुण्याच्या नावाने पांढऱ्या यादीत परत येते. पत्ता तोच, फोन तोच, गाळा तोच. जुळवून पाहायला एक दुपार पुरेल. ती दुपार कोणाच्या कामाच्या यादीत आहे?

आता जरा थांबतो. एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे.

2019 मध्ये राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी स्मार्टफोन घेतले गेले. थोडेथोडके नाहीत, 1 लाख 20 हजार 335. फोनचा दर 8,777 रुपये, एकूण सुमारे 106 कोटी. लगेच विरोधकांनी आरोप केला की हाच फोन बाजारात सहा हजारांच्या आसपास मिळतो. खात्याने उत्तर दिलं की या दरात मेमरी कार्ड आहे, पाउच आहे, फोनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. विधिमंडळ, पत्रकार परिषदा, वर्तमानपत्रं, सगळीकडे एकच वाद: आठ हजार की सहा हजार?

रॅम किती, हे कोणी विचारलं?

दोन जीबी.

सेविकेने या फोनवर करायचं काय होतं? पोरांची वजनं, उंच्या, गरोदर बायकांच्या नोंदी, पोषण आहार, हजेरी. आधी एक अ‍ॅप होतं. 2021च्या मार्चमध्ये केंद्राने नवं आणलं, पोषण ट्रॅकर. अ‍ॅप दर अपडेटला अंग धरत गेलं, फोन होता तेवढाच राहिला. पोरांचं कुपोषण मोजायला दिलेला फोन स्वतःच कुपोषित निघाला. तापायचा, अडकायचा, मेमरी भरल्याचं सांगायचा. वॉरंटी संपली होती. दुरुस्तीचा खर्च आमच्याच गळ्यात पडतो, ही सेविकांची तक्रार होती. त्यात अ‍ॅप इंग्रजीत. पाड्यावरच्या सेविकेने मराठी बोलणाऱ्या आईची माहिती इंग्रजीत भरायची, ती दिल्लीत हिंदी बोलणाऱ्या साहेबाने वाचावी म्हणून.

2021च्या ऑगस्टमध्ये सेविकांनी फोन परत करायला सुरुवात केली. प्रकल्प कार्यालयांत जाऊन टेबलावर ठेवले. हजारो. घ्या तुमचा फोन.

सरकारी खरेदीच्या इतिहासात इतका स्वच्छ डेटा क्वचितच कोणाला मिळाला असेल. कुठल्या गावातला फोन, कितव्या महिन्यात बिघडला, काय बिघाड, दुरुस्तीला किती मागितले, सगळं एकेका बाईच्या तोंडपाठ. पैसे मोजून सर्वेक्षण केलं असतं तरी असं उत्तर आलं नसतं. ते फुकट आलं, घरपोच आलं, आणि वर घोषणा देत आलं.

त्याकडे आंदोलन म्हणून पाहिलं गेलं. आंदोलनाला निवेदन लागतं, शिष्टमंडळ लागतं, आश्वासन लागतं. डेटाला नुसता एक कारकून लागला असता, वही घेऊन बसलेला.

यातली गंमत बघा. 2019 मध्ये दोन्ही बाजू किमतीवर भांडल्या. समजा, फोन सहा हजारांना मिळाला असता. सरकारचे तेहतीस कोटी वाचले असते, आणि 2021च्या ऑगस्टमध्ये सेविकांनी तोच फोन परत केला असता. स्वस्तात.

महाग पडलं काय, याची मोजणी आपण काउंटरवर करतो. ती करायची असते अंगणवाडीत.

दुसरी गोष्ट त्याच 2021 मधली, पण हसू येणारी नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला पीएम केअर्समधून 150 व्हेंटिलेटर मिळाले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे माहिती आली की 113 वापरायला काढले ते सदोष निघाले, 37 अजून खोक्यात होते. केंद्राचं म्हणणं पडलं की दोष यंत्रांत नाही, वापरण्याच्या पद्धतीत आणि तिथल्या सोयींत आहे. कोण खरं, यावर न्यायालयात कागद फिरले.

यंत्र बसवल्या दिवसापासून कोणी रोजची नोंद ठेवायची हे ठरलं असतं, तर हा वाद न्यायालयापर्यंत कशाला गेला असता? दाब किती सुटला, प्राणवायू कितीवर थांबला, तंत्रज्ञ कधी आला. एक वही. रुग्णाच्या पायाशी टांगतात तशी.

मुंबई विद्यापीठाचं 2017 आठवतंय? विसरलात तर कोणत्याही तेव्हाच्या पदवीधराला विचारा, तो अजून तावातावाने सांगेल. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं. एकदम सगळ्या. एखाद्या विषयावर प्रयोग करून पाहू, महिनाभर आकडे घेऊ, मग पुढे जाऊ, इतका दम कोणाला? 477 परीक्षांचे निकाल लावायला कुलपतींनी 31 जुलैची मुदत दिली होती. ती हुकली. पोरांचे परदेशी प्रवेश लटकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंचं पद गेलं. तपासायच्या होत्या उत्तरपत्रिका, तपासला गेला विद्यार्थ्यांचा संयम.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कष्टी होऊ नका. अमेरिकेने 2009 मध्ये सरकारी संगणक प्रकल्पांचा जाहीर डॅशबोर्ड काढला. कुठला प्रकल्प रखडला, कुठला फुगला, सगळं जनतेला दिसणार. काढणारे गृहस्थ विवेक कुंद्रा, जन्माने दिल्लीकर. त्यानंतर चार वर्षांनी, 1 ऑक्टोबर 2013 रोजी, त्याच देशाने आरोग्यविम्याचं संकेतस्थळ उघडलं. पहिल्या दिवशी किती जणांची नोंदणी झाली?

सहा.

डॅशबोर्ड होता. गाडी तरी खड्ड्यात गेली. डॅशबोर्ड गाडीतही असतोच की.

पण काहींना जमतंय, तेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता बोटं मोडतो. आपलं जेम ज्या महिन्यात सुरू झालं, त्याच 2016च्या ऑगस्टमध्ये युक्रेनने सरकारी खरेदीला 'प्रोझोरो' ही खुली प्रणाली सक्तीची केली. ब्रीद असं की सगळ्यांना सगळं दिसतं. हरलेल्याचा दरही दिसतो, जिंकलेल्याचा करारही दिसतो. शेजारी 'डोझोरो' नावाची दुसरी खिडकी, लोकांनी तक्रारी टाकायला. तिकडच्या काकूंनी स्वतःच खुर्ची आणून मांडली.

दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाकडे 2006पासून एक यंत्रणा आहे. निविदांचे आकडे चाळते आणि कोणी आपसांत ठरवून दर भरलेत, त्याचा वास काढते. आपल्याकडे तो वास कार्यालयाच्या चहावाल्यालाही येतो. फरक एवढाच की त्याला अहवाल लिहायचा अधिकार नाही.

ब्राझीलच्या लेखापरीक्षण न्यायालयाकडे 'अ‍ॅलिस' आहे. बाई नाही, प्रोग्राम. निविदा प्रसिद्ध झाल्या की वाचून काढतो आणि खटकेल ते तपासनिसांना कळवतो. पैसे जायच्या आत. आपल्याकडे लेखाआक्षेप येतो तोवर यंत्र भंगारात, अधिकारी निवृत्त आणि ठेकेदार नगरसेवक.

मग आपणही असं काही घेऊ, असं कोणीतरी म्हणणारच. म्हणतातच. खरेदीचा डेटा पाहायला आता डॅशबोर्ड हवा. डॅशबोर्डला सल्लागार हवा. सल्लागाराला निविदा हवी. निविदेत एल-वन आला. भिंतीवर दहा बाय सहाचा पडदा, खाली चार खुर्च्या, नाव वॉर रूम. उद्घाटनाला मंत्री आले की पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा हिरवा होतो.

हा पडदा घेताना आधीचा पडदा कशाने बंद पडला, ते पाहिलं का?

आधीचा होता?

त्याच खोलीत. कपाटामागे.

खरं तर आपल्याकडे डेटाची एक जुनी, भक्कम, कापडी बांधणीची व्यवस्था आहे. वीज लागत नाही, अपडेट लागत नाही. तिचं नाव जडवस्तू संग्रह नोंदवही. कोणी असं म्हणत नाही. सगळे डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. घेतलेली प्रत्येक वस्तू त्यात उतरवायची. केंद्राच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांत तर वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करून तसं नोंदवायचं, असंही लिहून ठेवलंय. प्रत्येक खोलीत, प्रत्येक वर्षी, वस्तूसमोर उभं राहून पाहायचं. यापेक्षा मोठा सर्वेक्षणाचा कार्यक्रम कुठल्या सल्लागाराने मांडलाय?

नाव फक्त अपशकुनी. वस्तू आली की पहिल्याच दिवशी डेड.

दाखल्याची वाट पाहत बसलोच होतो, म्हणून भाऊसाहेबांना म्हटलं, रजिस्टर दाखवता का? माहितीचा अधिकार काढला नाही. तो काढला असता तर तीस दिवस लागले असते आणि चहा मिळाला नसता. त्यांनी खालच्या कप्प्यातून काढून दिलं. कडा मऊ झालेल्या, पानांना कार्बनचा निळा वास. अनुक्रमांक, वस्तूचं नाव, नग, पुरवठा आदेशाचा क्रमांक, दर, रक्कम, पान उलटून साहेबांची सही. शेवटचा रकाना, शेरा.

यंत्राची नोंद सापडली. नग एक. रक्कम पैशापर्यंत अचूक. जीएसटी वेगळा. शेऱ्यात दोन्ही वर्षांच्या 31 मार्चला एकच शब्द, एकाच वळणाचा: सुस्थितीत.

मी मागची पानं चाळली. फॅक्स, सुस्थितीत. बोटाच्या ठशाचं हजेरीयंत्र, सुस्थितीत. ते मला समोर दिसत होतं. बोट ठेवायच्या काचेवर कोणीतरी आयकार्डाचं कव्हर चिकटवलं होतं. यूपीएस चार, सुस्थितीत. त्यांतल्या एकावर पाण्याचा माठ होता. माठ खरोखर सुस्थितीत होता.

"भाऊसाहेब, हे खोटं नाही का?"

"खोटं कसं? मोडलंय का काही? सुस्थितीतच आहे."

"पण वापरात नाही ना. शेऱ्यात लिहा की, प्लग दूर आहे म्हणून वापर नाही. वर कळेल. पुढची खरेदी करताना प्लगचं बघतील."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. धाकट्या भावाला समजावतात तसं बोलले.

"साहेब, समजा लिहिलं. पुढच्या महिन्यात ऑडिट येणार. ते विचारणार, दोन वर्षं वापर नाही, मग मागवलं कशाला? मी म्हणणार, मी नाही मागवलं, वरून आलं. ते म्हणणार, मग दोन वर्षं कळवलं का नाही? मी खुलासा देणार. खुलासा अमान्य होणार. रक्कम वसुलीला माझं नाव लागणार. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. पेन्शनची फाइल अडकली तर यंत्र विकून पोट भरू का?" चष्मा परत चढला. "सुस्थितीत लिहिलं की कोणी काही विचारत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. डेटा विश्लेषणावरच्या एकाही परिषदेत कोणी हा मुद्दा काढलेला माझ्या ऐकिवात नाही. खरी नोंद करणाऱ्याला दंड आणि खोटी करणाऱ्याला पेन्शन, असा जमाखर्च असेल तर वर पोहोचणारा डेटा कसला असणार? वर बसलेले लोक त्यावर आलेख काढणार, आलेखावरून धोरण ठरणार, धोरणावरून पुढचं यंत्र येणार. ते कुठल्या भिंतीला लागणार?

सेविका निदान फोन टेबलावर आपटून येऊ शकल्या. त्यांच्यामागे संघटना होती. भाऊसाहेबांच्या मागे फक्त कपाट आहे.

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये वरून मेसेज आला होता. अतितातडीचे, असं वर लिहिलेलं. कार्यालयातील तंत्रज्ञानविषयक साहित्याच्या वापराची माहिती आज पाचपर्यंत सोबतच्या शीटमध्ये भरावी, सदर माहिती डॅशबोर्डवर घ्यावयाची आहे, विलंब झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.

घड्याळात पावणेपाच.

भाऊसाहेबांनी शीट उघडली. एकच हात, एकच बोट. यंत्राचा प्रकार: टचस्क्रीन. प्राप्त: 1. चालू: 1. बंद: निरंक.

"तुमचा दाखला," ते म्हणाले, "सोमवारी या."